सुनेच्या पपनसाला फुलं का येत नव्हती

गटमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं रक्तपेढीत काढली, काचेच्या बाटल्या गेल्या, प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, साहेब आले नि गेले, पण या माणसाची एक खोड काही गेली नाही. माणसाचं नाव विसरायचे, रक्तगट नाही. दारावर भाजीवाला आला की आत बायकोला हाक, "अगं, बी पॉझिटिव्ह आलाय, टोमॅटो बरे दिसतायत." मुलाने लग्नासाठी पसंत केलेली मुलगी पहिल्यांदा घरी आली, तेव्हा लोक विचारतील शिक्षण काय, नोकरी कुठे. यांनी पाण्याचा ग्लास पुढे करत विचारलं, "गट कोणता तुझा?"

मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. चमत्कारिक प्रश्नांची तिला सवय होती. "ओ निगेटिव्ह," ती म्हणाली. मास्तरांचा चेहरा असा काही खुलला की बायकोने ओळखलं, झालं, सून ठरली.

सासरा-सुनेचं पहिल्यापासून चांगलं जमलं. ती त्यांना बाबा म्हणायची, आणि तिच्या स्वतःच्या वडिलांना अप्पा. नात झाली तेव्हा आई ओ निगेटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह, म्हणून मास्तरांनी दवाखान्यातल्या डॉक्टरला इतके प्रश्न विचारले की शेवटी तो म्हणाला, काका, तुम्हीच या खुर्चीवर बसा, मी बाहेर थांबतो.

आता अशा माणसाने निवृत्तीनंतर बाग केली, तर ती कशी असेल? घरामागे पंधरा पावलं लांब, दहा पावलं रुंद अशी जागा. एका कोपऱ्यात पाण्याचा नळ, एका बाजूला कपडे वाळत घालायची तार. बाकी सगळी झाडं रांगेत, प्रत्येकाच्या बुंध्याला तारेने बांधलेली पत्र्याची पट्टी, पट्टीवर लावल्याची तारीख. रक्तपेढीत एक थेंब नको तिथे मिसळला तर माणूस जिवानिशी जातो, हे चौतीस वर्षं डोक्यात भिनलेलं. "मिसळलं की बिघडलं," हे त्यांचं पालुपद. बायको म्हणायची, यांना भात-आमटीसुद्धा वेगवेगळ्या ताटात वाढायला हवी.

बागेतला त्यांचा जीव की प्राण म्हणजे संत्र्याचं झाड. निवृत्त झाले त्याच महिन्यात आणलेलं, चांगल्या नर्सरीतलं, दुसऱ्या खोडावर गोड संत्र्याचा डोळा भरलेलं कलम. चौथ्या वर्षी फळ धरलं आणि असलं गोड धरलं की विचारू नका. दर हंगामाला मास्तर दोन टोपल्या भरून जुन्या रक्तपेढीत नेऊन देत. रक्त देऊन उठलेल्या माणसाला तिथे ग्लासभर रस मिळतो, तो त्या दिवसांत मास्तरांच्या संत्र्यांचा. तिथली नवी पोरं त्यांना नावाने ओळखत नसली तरी संत्र्यांवरून ओळखायची. निवृत्त माणसाला आणखी काय हवं असतं?

आणि मग आलं पपनस.

सुनेचे वडील, अप्पा, पुस्तकं बांधायचं काम करायचे. सुटी पानं घ्यायची, शिवायची, पुठ्ठा चढवायचा. चाळीस वर्षं सुई-दोऱ्यावर हात बसलेला. त्यांच्या अंगणात पपनसाचं एक जुनं झाड होतं, डोक्याएवढी फळं देणारं. पुढे म्हातारपणी ते घर विकायची वेळ आली आणि अप्पा मुलाकडे, इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. घर घेणाऱ्याने पहिलं काम काय केलं, तर गाडी लावायला जागा हवी म्हणून झाड तोडलं. पण घर सोडायच्या आधी अप्पांनी एका फांदीवर गुटी बांधली होती. फांदीची साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ लावायचं, वरून प्लास्टिक गुंडाळून दोऱ्याने आवळायचं, की त्या जागी मुळं फुटतात आणि फांदीचंच नवं झाड होतं. तेव्हा त्यांच्या हाताला कंप सुटलेला होता. दोरा तीनदा सुटला, असं सून सांगायची. त्या हातांनी केलेलं ते शेवटचं काम. गुडघ्याएवढं ते रोप सुनेने मांडीवर घेऊन बसने आणलं.

मास्तरांनी ते लावलं. संत्र्यापासून सहा पावलांवर, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. पट्टीही बांधली. मनात थोडं चुकचुकलं, पण सुनेला नाही कोण म्हणणार?

दोन वर्षं काही बोलायला जागा नव्हती. पपनस वाढलं, माणसापेक्षा उंच झालं. तिसऱ्या वर्षी, झाडाला पहिल्या कळ्या दिसायला लागल्या त्याच आठवड्यात, मास्तर केस कापायला गेले. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं न्हाव्याच्या ताब्यात असतं, आतूनसुद्धा. न्हावी म्हणाला, "काका, माझ्या मामाचं संत्र्याचं झाड असंच साखरेसारखं होतं. शेजाऱ्याने आंबट-कडू लिंबाचं झाड लावलं. माश्या इकडच्या तिकडे, फुलातलं पीठ इकडचं तिकडे. तीन वर्षांत मामाची संत्री अशी कडू झाली की गुरं तोंड लावीनात."

झालं! मास्तरांच्या पाचावर धारण बसली. मधमाशी म्हणजे तरी काय, असं त्यांच्या मनात आलं, चिठ्ठी न लावता रक्त इकडून तिकडे नेणारी बेजबाबदार बाई! ती काही कुणाला विचारत नाही, गट बघत नाही. आणि पपनस म्हणजे कडवट. सालीखालचा पांढरा भाग जिभेला लागला तर तोंड वाकडं होतं. ते पीठ जर संत्र्याच्या फुलात शिरलं, तर रक्त देऊन आलेल्या बिचाऱ्या माणसाच्या हातात कडू रसाचा ग्लास जायचा, आणि तोही मास्तरांच्या नावाने.

सुनेला सांगावं तर ती काय म्हणेल? तुमचं ते झाड, नि माझ्या वडिलांचं ते काय? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी मास्तरांनी त्यांच्या मते अगदी शास्त्रशुद्ध तोडगा काढला. पहाटे उजाडता उजाडता उठायचं, बागेला पाणी घालायच्या निमित्ताने मागे जायचं आणि पपनसाची प्रत्येक कळी, प्रत्येक फूल खुडून खिशात घालायचं. तिथून दूध आणायला जाताना वाटेतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचं. घरी आल्यावर साबणाने हात धुवायचे, दोनदा.

"देवळात जायचंय का कुठे, एवढे हात घासताय ते?" बायको विचारायची.

"माती लागते," मास्तर म्हणायचे.

असं एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. जी अख्ख्या गावाचे डोळे तपासते, तिला स्वतःच्या मागच्या दारातलं कळलं नाही. कळणार कसं? ती आठला घर सोडायची, संध्याकाळी सातला यायची. रविवारी झाडाखाली उभी राहून वर बघायची, फांद्या हलवून बघायची, हिरवीगार पानं आणि फूल एक नाही. मग अप्पांचा फोन यायचा. म्हातारा ख्यालीखुशाली नंतर विचारायचा, आधी विचारायचा, "आली का गं फुलं?"

"नाही अप्पा. येतील."

"माझी बांधणी सैल राहिली असेल," तो म्हणायचा. "मुळं नीट धरली नसतील. जगतंय नुसतं बिचारं."

हे मास्तर ऐकायचे, आणि मूग गिळून गप्प बसायचे. खोटं कशाला बोला, तेव्हा त्यांना वाईट वाटायचं. पण संत्री गोड निघाली की ते वाईट वाटणं विरून जायचं. बघा, आपला उपाय लागू पडला! साप साप म्हणून भुई धोपटणाऱ्यालाही असंच वाटतं, आपल्या काठीमुळेच साप आला नाही.

या वर्षी फुलांचा हंगाम तोंडावर आला असताना सून एका संध्याकाळी म्हणाली, "बाबा, ते पपनस काढून टाकू या. उगाच जागा अडवून बसलंय. रविवारी नर्सरीतला माणूस बोलवा, मुळासकट काढेल."

"काढायचं?" मास्तरांनी विचारलं. आवाज शक्य तितका पडलेला ठेवला.

"मला ते बघवत नाही हो," ती म्हणाली आणि आत गेली.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आपोआप काटा निघाला! पहाटेचं उठणं संपलं, खिसे लपवणं संपलं. दुसऱ्या दिवशी ते शीळ घालत नर्सरीत गेले.

नर्सरी चालवणाऱ्या बाई साठीच्या, चिखलाने भरलेले बूट आणि डोक्याला रुमाल. कुंड्यांमध्ये माती भरता भरता त्यांनी विचारलं, "कोणतं झाड काढायचंय? वाळलंय का?"

"वाळलं नाही. पपनस आहे. चांगलं आहे तसं."

"मग काढताय कशाला?"

आता परक्या बाईला खरं सांगायला काय हरकत? मास्तरांनी न्हाव्याच्या मामापासून खिशातल्या कळ्यांपर्यंत सगळं सांगितलं. थोड्या फुशारकीनेच सांगितलं. बाईंचा मातीत घातलेला हात तसाच राहिला.

"दोन वर्षं तुम्ही फुलं खुडलीत? सगळी?"

"एक सोडलं नाही."

बाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "अहो, फळाचा गर म्हणजे त्याच झाडाचं अंग. आईचं अंग. बाहेरचं पीठ येऊन मिसळतं ते फक्त बीमध्ये. बी म्हणजे लेकरू. ते लेकरू पेराल तर पुढचं झाड कसं निघेल, ते देव जाणे. पण तुमचं संत्रं गोडच राहणार. शेजारी पपनस लावा, नाहीतर आंबट-कडू लिंबांची रांग लावा. फार तर दोन बिया जास्त निघतील. बिया पेरणार होतात का तुम्ही?"

"नाही."

"मग झालं तर!"

"पण न्हाव्याचा मामा..."

"त्याच्या कलमाचं वरचं झाड मेलं असणार. खालून, मुळाच्या खोडातून फुटवा आला असेल, तो त्याने कापला नसेल. कलम ज्या खोडावर भरतात ते आंबट-कडूच असतं. दोष स्वतःच्या झाडाखाली होता, आणि बोट दाखवलं शेजाऱ्याकडे."

मास्तर एका उपड्या कुंडीवर बसले. आई आणि लेकरू. त्यांच्या डोळ्यांसमोर आली त्यांची सून आणि नात. आई ओ निगेटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह. बाळ नऊ महिने पोटात वाढलं, बापाचा गट घेऊन जन्माला आलं, म्हणून काय आईचा गट बदलला? दोघींचं रक्त त्यांनी स्वतः तपासलं होतं, स्वतःच्या हाताने! जन्मभर ज्याची चाचणी केली तेच त्यांना झाडाच्या बाबतीत सुचलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

संत्री वाचली होती. कायमची वाचली होती, मुळात त्यांना कधी धोकाच नव्हता. खरं तर त्यांनी नाचायला हवं होतं. पण घरी येताना शेवाळ आवळणारे ते थरथरते हात डोळ्यांपुढून हलेनात. त्या म्हाताऱ्याला दोन वर्षं वाटत राहिलं होतं की आपल्या हातून शेवटचं काम बिघडलं, आणि बिघडवणारा इथे साबणाने हात धुऊन मोकळा होत होता.

घरी आले तर सून मागच्या पायरीवर बसून फोनवर बोलत होती. फोन स्पीकरवर होता, कारण अप्पांना फोन कानाशी धरवत नसे आणि ते पलीकडून ओरडून बोलत.

"रविवारी काढतोय अप्पा. वाईट वाटून घेऊ नका."

"काढ, काढ. तुझी काय चूक? हातातलं कसब गेलं की माणसाने गप्प बसावं. मीच उगाच हट्ट केला."

मास्तर दारातच थबकले. रक्तपेढीत एकदा, ऐन उमेदीत, त्यांच्या हातून दोन नळ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. लक्षात आल्याबरोबर ते धावत साहेबांकडे गेले होते आणि म्हणाले होते, माझी चूक झाली. पिशवी रुग्णापर्यंत पोचायच्या आत थांबवली गेली. साहेब ओरडले खूप, पण त्या रात्री मास्तरांना झोप लागली. चूक झाली तर आधी सांगायची, मग निस्तरायची, हे नंतर त्यांनीच प्रत्येक नव्या पोराला शिकवलं. पोराला शिकवणं सोपं असतं हो. सहासष्टाव्या वर्षी सुनेपुढे उभं राहून सांगणं वेगळं.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुझ्या झाडाला फुलं आली होती."

तिने मान वर केली. "कधी?"

"गेल्या वर्षी. त्याच्या आदल्या वर्षीही."

"मग गेली कुठे?"

"मी खुडली. रोज पहाटे. मला वाटलं, माझी संत्री कडू होतील. तसं काही नसतं म्हणे. आत्ता कळलं मला, नर्सरीत. चूक माझी आहे. तुझ्या झाडाची नाही, अप्पांची नाही. माझी."

स्वयंपाकघरातून बायको हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आली. "अहो, माणूस आहात की कोण आहात!" ती म्हणाली.

सून मात्र ओरडली नाही. ती मास्तरांकडे टक लावून बघत होती, दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघतात तशी.

"किती होती?" तिने विचारलं.

"पहिल्या वर्षी चाळीसेक. गेल्या वर्षी तीनशेच्या वर गेली, मग मी मोजणं सोडलं."

"तीनशे?" ती म्हणाली. "बाबा, तीनशे?" आणि ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली. मास्तरांना कळेना, आता माफी कोणत्या बाजूने मागायची.

"काय झालं गं? कोण रडतंय?" फोन ओरडला. तो चालूच होता, सगळेच विसरले होते.

सुनेने फोन उचलला आणि मास्तरांच्या हातात कोंबला. "तुम्हीच सांगा त्यांना. मी नाही सांगणार."

मास्तरांनी फोन तोंडाजवळ धरला. "व्याही, मी बोलतोय. तुमच्या पपनसाला दोन वर्षं फुलं येतायत. मी मूर्खपणाने ती खुडून टाकत होतो. तुमची बांधणी सैल नव्हती. मुळं अगदी झकास धरलीत. मला काय बोलायचं ते बोला."

"आली होती?" अप्पांनी विचारलं. या वेळी ते ओरडले नाहीत.

"आली होती."

"कशी होती?"

मास्तरांच्या तेव्हा लक्षात आलं की ती फुलं जगात फक्त आपण एकट्याने बघितली आहेत. "पांढरी, जाड पाकळ्यांची," ते म्हणाले. "कळी असतानाच माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. पाच-सहांचा घोस. आणि वास तर काय सांगू व्याही, दोनदा साबण लावला तरी दुपारपर्यंत हाताला यायचा. दूधवाल्याने एकदा विचारलं, काका, अत्तर लावता का."

"नुसती शेंड्याला आली का?"

"छे! शेंड्याला, मध्ये, सगळीकडे. खालच्या फांदीलासुद्धा."

"खालच्या फांदीलासुद्धा!" मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, आणि अप्पांचा आवाज मुला-सुनेला हाका मारत त्यांच्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरताना ऐकू येऊ लागला. "अगं ए! ऐकलंस का? लागलंय! माझं कलम लागलंय! खालच्या फांदीलासुद्धा फुलं आली होती! उठव त्याला, सांग त्याला, लागलंय म्हणावं!"

इकडे मास्तर फोन हातात धरून उभे होते. त्यांना रागवायचं कुणालाच सुचत नव्हतं, आणि त्यांचेही डोळे भरून आले होते. सून नाक पुसत म्हणाली, "तुमच्याशी मी दोन दिवस बोलणार नाही, बाबा. आणि रविवारी कुणालाही बोलवायचं नाही." ती नळाकडे गेली, तोंडावर पाणी मारलं आणि झाडाखाली जाऊन उभी राहिली.

बऱ्याच वेळाने फोन पुन्हा खरखरला.

"व्याही, आहात का?"

"आहे, आहे. बोला."

"तुमच्यावर चिडायचंय मला. पण ते सावकाश. आधी सगळं परत सांगा. पहिली कळी दिसली, तिथपासून."

मास्तर पायरीवर बसले. फोन गुडघ्यावर नीट ठेवला आणि पहिल्या कळीपासून सांगायला लागले.